ट्रेलर घरी ठेवा

मागच्या रविवारी सकाळी साडेसात वाजता मी मिशिगनमधल्या एका भल्यामोठ्या पार्किंग लॉटच्या गेटपाशी रांगेत थांबलो होतो. पुढे एक पिकअप होता. पिकअपच्या मागे ॲल्युमिनियमचा ट्रेलर आणि ट्रेलरवर चारही चाकांना पट्टे आवळून बांधलेली एक माझ्दा मियाटा. दोन सीटची, छत उघडणारी, चिमुकली स्पोर्ट्स कार. मीही तसल्याच मियाटात बसलो होतो. रंग सोडला तर दोन्ही गाड्यांत काडीचा फरक नव्हता. पुढच्या गाडीला नंबर प्लेट होती, इन्शुरन्स होता, आणि मालक तिथून वीस मिनिटांवर राहतो हे मला ठाऊक होतं.

हिशोब करायची खोड जात नाही. ही मियाटा साधारण 1060 किलोची. पिकअप सव्वादोन टनांचा, ट्रेलर पाऊण टनाचा. म्हणजे एक टन गाडी आणायला तीन टन लोखंड. आणि आणून करायचं काय? त्या दिवशी प्रत्येकाला पाच रन होते. एक रन पन्नास सेकंदांच्या आतबाहेर. दिवसभरात गाडी पळाली चार मिनिटं. पट्टे बांधायला आणि सोडायला त्याहून जास्त वेळ लागला असेल.

ज्यांना ऑटोक्रॉस म्हणजे काय हे माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. मोठी मोकळी डांबरी जागा घ्यायची, पार्किंग लॉट किंवा जुना एअरफील्ड. त्यावर केशरी कोन मांडून वाकडातिकडा रस्ता आखायचा. एकेक गाडी घड्याळाविरुद्ध पळते. कोन पाडला की दोन सेकंद दंड. बहुतेक वेळ दुसऱ्या गिअरमध्येच जातो. सरळ रस्ता इतका छोटा असतो की वेग हायवेच्या वेगापुढे क्वचितच जातो. शेजारी दुसरी गाडी नसते, भिंत नसते, म्हणून धोका कमी आणि पैसाही कमी. उरलेला अर्धा दिवस तुम्ही उन्हात उभे राहून दुसऱ्यांनी पाडलेले कोन उचलता. तेही खेळातच धरलेलं आहे. अमेरिकेत हा खेळ मुख्यतः स्पोर्ट्स कार क्लब ऑफ अमेरिका, म्हणजे एससीसीए चालवते, आणि त्याची सगळी जाहिरात एका वाक्यावर उभी आहे: घरी आहे ती गाडी घेऊन या.

मला आता हे वाक्य खोटं वाटायला लागलं आहे. निदान अर्धं खोटं. घरी आहे ती गाडी घेऊन आलेल्या माणसाला आम्ही हसत स्वागत करून आत घेतो, आणि मग दोन-तीन सीझनमध्ये त्याला पटवून देतो की तू चुकीच्या टायरांवर, चुकीच्या पद्धतीनं, चुकीच्या गाडीतून आला आहेस. माझं म्हणणं असं की साध्या रस्त्यावरच्या गाड्यांच्या क्लासमध्ये गाडीनं ज्या टायरांवर शर्यत करायची त्याच टायरांवर, स्वतःच्या चाकांवर चालत यावं. ट्रेलर आणि टायरांचा दुसरा सेट घरी. आणि हे मी ट्रेलर विकून मग म्हणतोय, हे आधीच सांगून टाकतो.

आधी टायरांबद्दल, कारण सगळं दुखणं तिथून सुरू होतं.

पूर्वी साध्या गाड्यांच्या क्लासला स्टॉक म्हणायचे. गाडी जशी शोरूममधून आली तशीच ठेवायची, पण टायर मात्र शर्यतीचे चालायचे. हूजियर कंपनीचे असले टायर इतके मऊ असतात की कंपनी स्वतःच सांगते, हायवेवर वापरू नका. मग घरून निघायचं एका सेटवर, मैदानात जॅक लावून दुसरा चढवायचा, संध्याकाळी परत पहिला. टायर वाहून नेणं हा खेळाचा भागच झाला. हे कोणाच्या तरी लक्षात आलं. 2014 साली स्टॉकच्या जागी स्ट्रीट क्लास आले आणि शर्यतीचे टायर बाहेर गेले. थोड्याच काळात अट ठरली की टायरचा ट्रेडवेअर आकडा किमान 200 हवा.

ट्रेडवेअर म्हणजे टायर किती टिकेल याचा अंदाज सांगणारा, टायरच्या कडेवर छापलेला आकडा. शंभरच्या टायरपेक्षा दोनशेचा दुप्पट टिकावा, अशी त्यामागची कल्पना. रोजच्या गाडीवर चारशे, पाचशे, सातशे असे आकडे असतात. आता गंमत बघा. हा आकडा सरकार तपासून देत नाही, टायर कंपनी स्वतःच चाचणी करून स्वतःच छापते. नियमाला 200 हवेत? घ्या 200. दरवर्षी नवा टायर येऊ लागला, प्रत्येकावर तोच आकडा, प्रत्येक आधीच्यापेक्षा चिकट आणि आधीच्यापेक्षा लवकर संपणारा. कागदावर रस्त्याचा टायर, स्वभावानं शर्यतीचा. तो घालून रोज ऑफिसला गेलात तर सीझन संपायच्या आत टायर संपेल. म्हणून काय करायचं? दुसरा सेट घ्यायचा. आणि तो वाहून न्यायचा. नियम ज्या दारातून ट्रेलरला बाहेर काढत होता, त्याच दारातून ट्रेलर परत आत आला.

मी सॉफ्टवेअरमध्ये काम करतो. आमच्याकडे ही गोष्ट रोज घडते. एखादा आकडा मोजायला घेतला की सगळे तो आकडा सुधारतात, मूळ गोष्ट जागच्या जागी. पण तिथे कोणाच्या हायवेवर चाक सुटत नाही.

चाकावर येतो. त्याआधी मी तिथवर कसा पोहोचलो ते.

पहिलं वर्ष मी गाडीबरोबर आलेल्या टायरांवर काढलं. शेवटून तिसरा, चौथा यायचो आणि घरी जाताना छत उघडून गाणी लावायचो. दुसऱ्या वर्षी पॅडॉकमधले सगळे तेच सांगू लागले. तू चांगला चालवतोस, पण या टायरांवर काही होणार नाही. मी सेट घेतला. रिम आणि टायर मिळून एक चाक सतरा-अठरा किलोचं. माझ्या मियाटाची डिकी 130 लिटरची. त्यात एक चाकसुद्धा धड मावत नाही. छत उघडून, शेजारची सीट पुढे सरकवून, दोन चाकं सीटवर, एक पायांच्या जागेत, एक अर्धवट डिकीत, असा मी एक सीझन काढला. गिअर टाकताना कोपर टायरला लागायचं. मैदानात सोळा नट काढायचे, सोळा लावायचे, संध्याकाळी पुन्हा तेच. पाऊस आला तर छत लावता येत नाही, कारण चाकं वर आलेली.

आणि हे टायर ठेवायचे कुठे? मिशिगनच्या थंडीत असले टायर उघड्यावर गारठले तर रबराला तडे जातात, म्हणून ते घरात ठेवावे लागतात. माझं घर भाड्याचं, दोन खोल्यांचं, गॅरेज नाही. चार महिने चार चाकं हॉलच्या कोपऱ्यात एकावर एक. व्हिडिओ कॉलवर आईचा पहिला प्रश्न: "ते टायर देवघराला टेकवून का ठेवलेत?" मी म्हटलं, आई, दुसरी जागाच नाही. तिनं दुसऱ्या दिवशी मावशीला सांगितलं की पोराला तिकडे गॅरेजमध्ये काम लागलंय की काय कोण जाणे.

तिसऱ्या वर्षी मी छोटा ट्रेलर घेतला. सुट्या भागांत मिळतो, घरी नटबोल्ट लावून जोडायचा. मियाटाच्या मागे हुक बसवून घेतला, दिव्यांची वायर ओढली. आता ऐका. गाडीच्या मॅन्युअलमध्ये स्पष्ट लिहिलं आहे की ही गाडी ट्रेलर ओढण्यासाठी बनवलेली नाही, ओढू नका. मी ते वाचलं होतं. मॅन्युअल वाचणं हा माझा छंद आहे, त्यावर मित्र चेष्टा करतात. वाचून हसलो आणि पुढे गेलो, कारण मैदानात असे दहा-बारा जण होते आणि सगळे दर रविवारी सुखरूप घरी पोहोचत होते.

त्या ऑगस्टमध्ये एका रविवारी परतताना मी दमलो होतो. ट्रेलरवर चार चाकं, ट्रॉली जॅक, हत्यारांची पेटी, सावलीसाठीचा तंबू, पाण्याचा डबा. मागची फळी उघडून ढकलत गेलो, त्यामुळे सगळं जड सामान ट्रेलरच्या मागच्या अर्ध्यात बसलं. इंजिनीअरिंगच्या पहिल्या वर्षाला शिकलेलं, पण त्या क्षणी सुचलं नाही: ट्रेलरच्या एकूण वजनातलं दहा ते पंधरा टक्के वजन पुढे हुकावर यायला हवं. वजन आसाच्या मागे गेलं की ट्रेलर लंबकासारखा वागतो. हायवेवर ताशी सत्तर मैलांच्या जवळ होतो. शेजारून एक मोठा ट्रक गेला, हवेचा धक्का बसला आणि ट्रेलरनं शेपूट हलवली. एकदा डावीकडे, मग उजवीकडे थोडं जास्त, मग डावीकडे आणखी जास्त. अशा वेळी ॲक्सिलरेटरवरून पाय काढायचा आणि स्टीअरिंग सरळ धरून ठेवायचं. मी ब्रेक दाबला. सगळ्यात चुकीची गोष्ट. गाडीचं मागचं अंग अर्ध्या लेनभर बाजूला गेलं. आरशात दिसलं की एक पट्टा सुटला आहे, आणि एक चाक ट्रेलरवरून उडी मारून रस्त्यावर आलं. माझ्या मागून येणाऱ्या गाडीच्या पुढून ते घरंगळत उजवीकडच्या गवतात गेलं.

उजवीकडे गेलं. डावीकडे गेलं असतं तर मधल्या गवताच्या पट्ट्यापलीकडे समोरून येणारी वाहनं होती. सतरा किलोचं चाक, त्या वेगानं. मी कडेला थांबलो आणि बराच वेळ स्टीअरिंगवर हात ठेवून बसलो. मागची गाडी थांबली नाही, आणि मला बरं वाटलं की थांबली नाही, कारण त्या माणसाला मी काय सांगणार होतो? की हे चाक मी सोळा मिनिटं लवकर झिजू नये म्हणून ट्रेलरवर ठेवलं होतं?

चूक माझी होती. सामान नीट भरलं असतं, पट्टे दोनदा तपासले असते, तर काही झालं नसतं, असं मला नंतर पॅडॉकमध्ये सगळ्यांनी सांगितलं आणि खरंच सांगितलं. पण प्रश्न वेगळाच आहे. दर रविवारी देशभरात किती दमलेली माणसं संध्याकाळी पाच वाजता घाईघाईनं चाकं ट्रेलरवर भरत असतील? खेळ आम्ही इतका सुरक्षित ठेवला आहे की मैदानात हेल्मेटशिवाय एक मीटर पुढे जाता येत नाही. कोन उचलणारा माणूस पाठ फिरवून उभा राहिला तर ओरडा बसतो. आणि ज्या भागात खरोखर माणूस मरू शकतो, तो हायवेवरचा भाग, तो प्रत्येकाचा खासगी मामला.

या सगळ्यात मला सगळ्यात जास्त लागलेली गोष्ट मात्र अपघाताची नाही.

त्याच वर्षी जूनमध्ये माझी मावसबहीण आली होती. ती इथेच दुसऱ्या गावात एमएस करते. तिच्याकडे दुसऱ्या-तिसऱ्या हातातून आलेली कोरोला आहे, एका दरवाजाचा रंग वेगळा. मी तिला चार महिने बोलावत होतो. ती एकदाची आली, स्वतः गाडी चालवत, दोन तास. नवख्यांच्या गटात नाव घातलं. पहिल्या रनला रस्ताच चुकली, दुसऱ्याला चार कोन पाडले, पाचव्याला एकही नाही. गाडीतून उतरली तेव्हा हात थरथरत होते आणि तोंडभर हसू. "दादा, माझी वेळ किती आली?" मी वेळ सांगितली. आणि त्यापुढे, तिनं विचारलेलं नसताना, म्हणालो: "पण या टायरांवर काही होणार नाही बघ. सेट घ्यावा लागेल. मग त्याला ट्रेलर. बघू, तुला नोकरी लागली की."

ती "हो का" म्हणाली. माझ्या ट्रेलरकडे बघितलं, जॅककडे बघितलं, मी विकत घेतलेल्या टॉर्क रेंचकडे बघितलं. पुढच्या महिन्यात फॉर्म पाठवला तर म्हणाली, अभ्यास आहे. त्याच्या पुढच्या महिन्यातही अभ्यास होता.

मला जे दुसऱ्या वर्षी कोणीतरी ऐकवलं ते मी तिला पहिल्याच दिवशी ऐकवलं. विद्यार्थिनीला, जिचं महिन्याचं भाडं टायरांच्या एका सेटपेक्षा कमी आहे. घरी आहे ती गाडी घेऊन या, असं चार महिने सांगणारा मीच होतो.

यात अजून एक पदर आहे, इथल्या आपल्या लोकांना तो लगेच कळेल. टायरांना ट्रेलर लागतो. ट्रेलरला जागा लागते. अपार्टमेंटवाले ट्रेलर उभा करू देत नाहीत. मला दोन नोटिसा आल्या. मग पुढची पायरी अशी की गाडीच ट्रेलरवर घालायची, त्याला पिकअप लागतो, पिकअप आणि मोठ्या ट्रेलरला गॅरेजवालं घर लागतं. आणि व्हिसाच्या तीन-तीन वर्षांच्या तुकड्यांवर जगणारा माणूस, ग्रीन कार्डाच्या दशकभराच्या रांगेत उभा असलेला, तीस वर्षांचं कर्ज काढून घर घेताना दहा वेळा विचार करतो. पन्नास डॉलरची एंट्री फी असलेल्या खेळाला शेवटी घराचं दार लागतं. पॅडॉकमध्ये पहिल्या ओळीत कोण उभं आहे ते एकदा बघा.

ट्रेलरवाल्यांची बाजू मला माहीत आहे. त्यांच्यातलेच निम्मे माझे मित्र आहेत. टायर झिजतात, हे पहिलं. झिजू द्या. सगळ्यांचे झिजले तर कोणाचाच तोटा नाही, आणि कंपन्यांना जरा जास्त टिकणारे टायर बनवावे लागतील. माझे पैसे, माझा छंद, हे दुसरं. बरोबर, पण मग तुमच्यासाठी मोकळे क्लास आहेत. तिथे शर्यतीचे टायर चालतात, उघडं इंजिन चालतं, नंबर प्लेट नसलेल्या गाड्या चालतात. तिथे ट्रेलर हवाच, त्यावर माझा एका अक्षराचाही आक्षेप नाही.

तिसरा मुद्दा मात्र वजनदार आहे. साठीतले एक काका आमच्याकडे नियमित येतात, तरुणपणापासून हे करत आले आहेत. ते म्हणाले, गाडी मोडली तर? घरापासून दीडशे मैलांवर क्लच गेला तर सोमवारी कामावर कसा जाशील? माझ्याकडे याला पूर्ण उत्तर नाही. दोन वर्षांपूर्वी एकाचा मागचा ॲक्सल तुटला होता आणि त्याला टो ट्रकनं घरी नेलं, बिल ऐकून सगळे गप्प झाले. पण या भीतीचा एक फायदाही आहे. गाडी परत घरी न्यायची आहे हे डोक्यात असलं की माणूस गाडी मोडेपर्यंत ताणत नाही. आणि स्ट्रीट क्लासमधली साधी, सांभाळलेली गाडी पन्नास सेकंदांत क्वचितच मोडते. काका माझं ऐकून म्हणाले, तुझी अजून मोडली नाहीये. हे खरं आहे.

चालत येऊन शर्यत करणं जमत नाही, असं कोणी म्हणत असेल तर त्यानं वन लॅप ऑफ अमेरिका बघावी. ब्रॉक येट्स या पत्रकारानं 1984 साली सुरू केली. स्पर्धक हजारो मैल स्वतःच्या गाडीतून एका ट्रॅकवरून दुसऱ्यावर जातात, आणि वाटेतल्या हायवेला व ट्रॅकला टायरांचा तोच सेट. ड्रॅग रेसिंगवाल्यांनी 2005 मध्ये ड्रॅग वीक काढली: आठवडाभर रोज वेगळी स्ट्रिप आणि मधला सगळा प्रवास त्याच गाडीतून, मागून मदतीची गाडी नाही. हजार हॉर्सपॉवरच्या, रस्त्यावर जेमतेम वळणाऱ्या गाड्या उन्हात, पावसात, ट्रॅफिकमध्ये शेकडो मैल जातात. लोक ते बघायला गर्दी करतात, कारण गाडी तिथे पोहोचली हाच अर्धा पराक्रम असतो. आणि आम्ही? आमच्या राष्ट्रीय स्पर्धा सप्टेंबरमध्ये नेब्रास्कातल्या लिंकनला होतात. इथून साधारण आठशे मैल. तिथे दोन दिवसांत प्रत्येकाला सहा रन मिळतात. सहा मिनिटांसाठी जाऊन-येऊन सोळाशे मैल, आणि त्या सोळाशे मैलांत स्पोर्ट्स कार ट्रेलरवर झोपलेली. खेळातला सगळ्यात मोठा ड्राइव्ह पिकअप करतो.

गावाकडे मामा बैलगाडा शर्यतींना जातो. मध्ये बंदी होती, डिसेंबर 2021 मध्ये सर्वोच्च न्यायालयानं परवानगी दिली तेव्हा त्यानं पेढे वाटले होते. शर्यतीचा बैल घाटावर टेम्पोतून येतो, खाली गवत अंथरून, अंगावर झूल घालून. मी फोनवर मामाला माझा हा सगळा वाद सांगितला तर तो म्हणाला, "आमचाबी बैल टेम्पोतनंच येतो की, मग तुझं काय दुखतं?" मी दोन दिवस विचार केला. दुखतं ते हे: शर्यतीच्या बैलाला कोणी नांगराला जुंपत नाही, आणि तसं कोणी सांगतही नाही. खिलार जातीचा, खुराकावर पोसलेला, फक्त पळण्यासाठी ठेवलेला बैल आहे हे अख्ख्या गावाला माहीत असतं. घाटावर कोणी पाटी लावत नाही की तुमच्या गोठ्यातला कोणताही बैल घेऊन या. आम्ही ती पाटी लावतो. पाटी काढा, नाहीतर टेम्पो काढा.

करायचं काय, तर मी आमच्या क्लबला एक पत्र लिहिलं आहे. गेटवर टायरांवर रंगाच्या पेननं खूण करायची, आत आल्यावर टायर बदललेले नसतील तर त्या गाड्यांची वेगळी यादी लावायची. बाकी सगळं तसंच. बक्षीस नको, फक्त यादी. फॉर्म्युला वनमध्ये प्रत्येक टायरवर बारकोड असतो, आम्हाला एक पेन पुरेल. उत्तर आलं की पुढच्या बैठकीत चर्चा करू. बैठक झाली, चर्चा झाली नाही. पुन्हा लिहिलं आहे.

पुण्या-नाशिकमध्ये हे वाचणाऱ्यांना एक सांगायचं आहे, कारण तिकडेही ऑटोक्रॉस होतात आणि इथल्या पॅडॉकच्या रील्स तुमच्या फोनवर येत असणार. आपल्याकडे रोल केज घातलेली, बदललेली रेस कार फ्लॅटबेडवर येते त्याला कारण आहे. मोटार वाहन कायद्याचं कलम 52 गाडीत असे बदल करून ती रस्त्यावर आणू देत नाही. ती मजबुरी आहे. पण तुमची साधी स्विफ्ट, तुमची साधी पोलो, तिला मजबुरी नाही. रीलमधला ट्रेलर बघून तिला टेम्पोत चढवू नका.

गेल्या हिवाळ्यात मी ट्रेलर विकला. हुक अजून गाडीला आहे, काढायचा आळस. चिकट टायरांचा सेटही विकला आणि रस्त्यावर बरे टिकतील असे चार घेतले, तेच रोज ऑफिसला, तेच रविवारी. आधी पहिल्या तिघांत यायचो, आता सातवा-आठवा येतो. सातवा येणं आवडतं असं म्हणणार नाही. मागच्या रविवारी तो पिकअपवाला माझ्याच क्लासमध्ये होता आणि माझ्यापेक्षा सव्वा सेकंदानं पुढे. त्यानं छान चालवली, हे मान्य. मग तो पट्टे बांधत बसला आणि मी छत उघडून निघालो.

घरी पोहोचल्यावर मावसबहिणीला फोन केला. म्हटलं, मी गेल्या वर्षी टायरांबद्दल जे बोललो ते विसर, मूर्खपणा होता. पुढच्या महिन्यात ये. मीपण ऑफिसच्याच टायरांवर येतो.

"टायर तेच आहेत, दादा," ती म्हणाली. "वर्षभर आणखी झिजलेत."

"नक्षी किती उरलीय ते आल्यावर बघू. तपासणीत पास झाले तर झालं."

थोडा वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, "डिकी रिकामी करावी लागते ना? त्यात माझं अख्खं घर आहे."